गाळलेली हाक

2020 सालच्या मार्च महिन्यात चर्चचे महाद्वार बंद झाले आणि त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही रिकाम्या बाकांसमोर मिस्सा अर्पण करीत राहिलो. 12 एप्रिलचा पुनरुत्थानाचा रविवार आला आणि गेला. घंटा वाजली, पण तिच्या नादावर अंगणात एकही पाऊल वाजले नाही. संध्याकाळी गुरुनिवासाच्या ओटीवर बसले की समुद्राची गाज ऐकू येई. इतर वेळी ती रिक्षांच्या, मोटारसायकलींच्या आवाजात बुडून गेलेली असते. त्या दिवसांत ती पुन्हा वर आली होती.

आमच्या गायकवृंदात ऑर्गन वाजविणारा एक तरुण दर दोन दिवसांनी फोनवरून चौकशी करीत असे. एके दिवशी त्याने विचारले, "फादर, वेळ कसा घालविता? काही संगीत पाठवू का?" आम्ही नकळत बोलून गेलो, "ला मेर." हे नाव आमच्या तोंडून तीस वर्षांत बाहेर पडले नव्हते. का पडले नव्हते, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे. परंतु त्यापूर्वी वाचकांना या रचनेची थोडी ओळख करून द्यावयास हवी.

'ला मेर' म्हणजे समुद्र. क्लोद दब्युसी या फ्रेंच संगीतकाराने ही वाद्यवृंदासाठीची रचना 1903 ते 1905 या काळात लिहिली. तिचे तीन भाग आहेत: पहिला, समुद्रावरील पहाटेपासून मध्यान्हापर्यंतचा, दुसरा, लाटांच्या खेळाचा, तिसरा, वारा आणि समुद्र यांच्या संवादाचा. यात शब्द नाहीत, गायक नाहीत, कथाही नाही. साधारण 23-24 मिनिटांत सारे आटोपते. नवल असे की, या रचनेचा आरंभ समुद्रकिनारी झालाच नाही. दब्युसीने ती बर्गंडीमध्ये लिहावयास घेतली. तेथून समुद्र कोठल्याही दिशेने दूरच. एका स्नेह्याला पाठविलेल्या पत्रात त्याने कळविले की, आपल्यासाठी खरे तर खलाशाचे आयुष्य योजिलेले होते, आणि समुद्राच्या आपल्याजवळ असंख्य आठवणी आहेत. प्रत्यक्ष दर्शनापेक्षा त्याच आपल्याला अधिक उपयोगी पडतात. म्हणजे ही रचना समुद्राची कमी आणि स्मरणाची अधिक आहे. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ज्या काळात तो ही रचना लिहीत होता, त्याच काळात त्याने आपल्या पत्नीचा त्याग केला. तिने 1904 साली स्वतःवर गोळी झाडून घेतली. सुदैवाने ती वाचली. पॅरिसमधील कित्येक मित्रांनी त्याच्याशी संबंध तोडले. 1905 च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर ईस्टबोर्न येथे जाऊन राहिला आणि 'ला मेर'ची मुद्रिते त्याने तेथे तपासली. सेमिनरीत असताना आम्हांला हा इतिहास ठाऊक झाला, तेव्हा असल्या माणसाचे संगीत ऐकावे की नाही, असा प्रश्न आम्ही मोठ्या तावातावाने उपस्थित केला होता. कबुलीजबाबाच्या कोठडीत पंचवीस-तीस वर्षे बसल्यानंतर तो प्रश्न आता तितक्या तावाने विचारवत नाही.

15 ऑक्टोबर 1905 रोजी पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला, पण रचना श्रोत्यांना फारशी रुचली नाही. एका नामांकित समीक्षकाने तर आपल्याला यात समुद्र ना दिसला, ना ऐकू आला, ना त्याचा वास आला, असे लिहून टाकले. पहिल्या भागाच्या लांबलचक नावाची थट्टा करीत एरिक साती हा दुसरा संगीतकार म्हणाला होता म्हणे की, पावणेअकराच्या सुमाराचा भाग आपल्याला विशेष आवडला! चित्रकलेतील 'इम्प्रेशनिस्ट' हे बिरूद लोकांनी दब्युसीलाही चिकटविले; त्याला ते मुळीच पसंत नव्हते. मात्र छापील स्वरलिपीच्या मुखपृष्ठावर त्याने होकुसाई या जपानी चित्रकाराची प्रसिद्ध उंच लाट घेतली होती.

आता सेमिनरीची गोष्ट.

आम्हांला तेथे संगीत शिकविणारे एक वयोवृद्ध फादर होते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ते अध्ययनासाठी रोमला राहिले होते. तेथे विद्यार्थी-निवासाच्या दिवाणखान्यात कोणीतरी 'ला मेर'ची तबकडी आणली होती, आणि ती त्यांनी इतक्या वेळा ऐकली होती की, परत येताना बोटीवर आपण ती मनातल्या मनात अथपासून इतिपर्यंत वाजवीत आलो, असे ते सांगत. येथे आल्यावर ती त्यांना पुन्हा मिळाली नाही. पुढे 1989 साली कोणा परिचिताने त्यांना एक कॅसेट दिली. नकलेची नक्कल असावी. तिच्यावर पेनने फक्त रचनेचे नाव लिहिलेले होते. वाद्यवृंद कोणता, संचालक कोण, याचा पत्ता नाही. फादरांनी एका शनिवारी आम्हां सुमारे वीस बंधूंना एकत्र बसवून ती लावली.

तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे ते एकाएकी पुढे सरकून बसले आणि त्यांनी एक हात वर उचलला, जणू कोणाच्या येण्याची सूचना देत आहेत. खाली लाटांची लगबग चालू राहिली. वर काहीच आले नाही. त्यांचा हात तसाच राहिला. रचना संपल्यावर ते म्हणाले, "अरे, या कॅसेटमध्ये काहीतरी राहून गेले आहे. येथे तुताऱ्या हव्यात. तुफानात सापडलेल्या नावेने किनाऱ्याला हाक द्यावी, तशा त्या येतात. मी कितीदा ऐकल्या आहेत."

आम्ही त्या वयात फार हुशार होतो. दुसऱ्याच दिवशी आम्ही ग्रंथालयातून 'ला मेर'ची लहान आकाराची छापील स्वरलिपी शोधून काढली, ती जागा बोटाने ओळ न् ओळ तपासली, समासात पेन्सिलीने खूण केली आणि पुढच्या शनिवारी सर्वांदेखत पुस्तक फादरांसमोर धरले. म्हणालो, "फादर, येथे ट्रम्पेट नाहीत. हॉर्नही नाहीत. आठही बार रिकामे आहेत." स्वरलिपीत उभ्या रेषांनी आखलेल्या एकेका घराला बार म्हणतात, हे आमच्या गायकवृंदातील मुलांना ठाऊक आहे. त्यांनी चष्मा लावला, पान बराच वेळ पाहिले. मागच्या बाकावर कोणीतरी हसले. "मग मला भास झाला असेल, बाबा," असे म्हणून त्यांनी पुस्तक परत दिले. ती कॅसेट त्यांनी पुन्हा वर्गात आणली नाही.

पुढे त्यांची प्रकृती खालावली आणि ते वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात राहावयास गेले. आम्ही त्यांना अधूनमधून भेटत असू. अखेरच्या वर्षांत त्यांना माणसांची नावे आठवेनाशी झाली होती. एकदा कोणाचे तरी नाव चुकल्यावर ते हसून म्हणाले, "माझ्या स्मरणाचा भरवसा नाही, हे तू मला फार पूर्वीच दाखवून दिलेस." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. 2003 साली ते प्रभुघरी गेले.

तर त्या तरुणाने आमच्या फोनवर एक सोडून सात ध्वनिमुद्रणे पाठविली. एकच रचना सात जणांकडून ऐकावयाची म्हणजे काय, असे वाचकांस वाटेल. परंतु तेच शुभवर्तमान सात वेदींवरून वाचले गेले, तर सात ठिकाणी ते सारखे ऐकू येते काय? आम्ही एक नेम केला. पहिला आठवडा रोज संध्याकाळी सातही जणांचा केवळ पहिला भाग ऐकावयाचा, दुसरा आठवडा दुसरा भाग, आणि मग तिसरा.

पहिल्या भागाच्या आरंभी जवळजवळ काहीच नसते. खर्जातला एक स्वर, नगाऱ्याचा दबलेला घुमार, हार्पचे दोन-चार थेंब. याच जागी माणसे ओळखू येऊ लागतात. आर्तुरो तोस्कानिनी यांचे 1950 चे न्यूयॉर्कमधील मुद्रण घ्या. तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. पण त्यांच्या पहाटेला झोप माहीत नाही. प्रत्येक स्वर तासून ठेवलेला. स्वरलिपीत काही ठिकाणी त्यांनी स्वतःच्या अधिकारात वाद्यांची भरही घातली होती. कठोर गुरूजवळ शिकल्यासारखे वाटते. लाभ होतो, पण जीव मोकळा होत नाही. शार्ल म्युन्श यांनी 1956 साली बॉस्टनच्या वाद्यवृंदाकडून करून घेतलेले मुद्रण याच्या अगदी उलट. तेथे पाणी कडेवरून सांडते. मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर येतो त्या शेवटच्या जागी पितळी वाद्ये अशी उसळतात की, आम्ही ओटीवर एकटेच असूनही आजूबाजूस पाहिले. 1960 च्या शिकागोतील मुद्रणात फ्रित्झ रायनर यांनी प्रत्येक लाट मोजून घेतली आहे. हिशेबाची वही अशी असावी.

पहिल्या भागाच्या मध्यावर चेलोंचा एक प्रसंग आहे. दब्युसीने तेथे सोळा चेलो मागितले आहेत आणि त्यांचे चार गट पाडले आहेत. एवढे चेलो फार थोड्या वाद्यवृंदांजवळ असतात. बहुधा दहा-बारांवर भागवावे लागते. आमच्याकडे चार आवाजांच्या गीताला टेनरमध्ये एकच गृहस्थ असतात आणि तेही पावसाळ्यात खोकतात, तशातलीच ही अडचण म्हणायची. परंतु जेथे तो प्रसंग भरघोस वाजतो, तेथे ढगाआडून ऊन फुटून पाण्याचा एक मोठा पट्टा उजळावा, तसे होते.

हर्बर्ट फॉन कारायान यांचे 1964 चे बर्लिनचे मुद्रण आम्हांला याच जागेसाठी प्रिय झाले. ते एका चर्चमध्ये झालेले आहे, हे आम्हांला मागाहून कळले: बर्लिनच्या दालेम भागातील येशू ख्रिस्त चर्च, आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांचे. हिटलरला विरोध करून तुरुंगात गेलेले पास्टर मार्टिन निमोलर याच दालेम धर्मग्रामाचे. युद्धानंतर तेथील सुरेख घुमाऱ्यामुळे ध्वनिमुद्रणासाठी त्या वास्तूचा पुष्कळ उपयोग झाला. कारायान यांचा समुद्र फार देखणा आहे, थोडा अधिकच देखणा. त्याला मासळीचा वास नाही. पण त्या चर्चच्या भिंतींनी शेवटचा स्वर किती वेळ हातात धरून ठेवला आहे! वास्तू बांधताना पुढच्या पिढ्यांतील कोणता आवाज तिच्यात राहावयास येईल, हे गवंड्याला कोठून ठाऊक असणार?

सेर्जू चेलिबिदाके यांचे म्युनिकमधील वादन तर अर्धा तास ओलांडून जाते. पहिल्या संध्याकाळी आम्ही कंटाळलो. चौथ्या संध्याकाळी वाटले की, ओहोटीला पाणी मागे सरते तेव्हा ते कोणाच्या घड्याळाकडे पाहून सरते? तरीही रोज ऐकण्याचे ते मुद्रण नव्हे. 'ले सिएक्ल' या फ्रेंच वाद्यवृंदाने 2012 साली वाजविलेले मुद्रण दब्युसीच्या काळच्या वाद्यांवर आहे. व्हायोलिनला आतड्याच्या तारा, पितळी वाद्ये अरुंद गळ्याची. आवाज थोडा खरखरीत, पण त्यात सारी वाद्ये वेगवेगळी उभी असलेली दिसतात. दुसऱ्या भागासाठी आम्ही तेच प्रथम पसंत करू. लाटांचा तो खेळ इतका चंचल आहे की, त्याविषयी अधिक लिहू गेल्यास तो हातातून निसटेल.

सातवे मुद्रण होते जिनिव्हाच्या सुईस रोमांद वाद्यवृंदाचे; संचालक अर्नेस्ट आन्सेर्मे. हे गृहस्थ मूळचे गणिताचे शिक्षक. 1918 साली त्यांनी हा वाद्यवृंद स्थापिला आणि 1967 पर्यंत चालविला. दब्युसीला ते प्रत्यक्ष भेटलेले होते. डेक्का कंपनीसाठी त्यांनी 'ला मेर' एकाहून अधिक वेळा मुद्रित केली. पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही त्यांना शेवटच्या बाकावर बसविले होते, हे कबूल केले पाहिजे. त्यांची तंतुवाद्ये बॉस्टन किंवा बर्लिनच्या मानाने पातळ आहेत, ओबोचा आवाज थोडा नाकातला आहे. पण सारे स्वच्छ, आणि कोठेही आव नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी, क्रम बदलावा म्हणून, आम्ही त्यांच्यापासूनच आरंभ केला. वारा सुटला, समुद्राने उत्तर दिले, मधली ती दूरची संथ धून येऊन गेली. शेवट जवळ आला. आम्ही खुर्चीत मागे टेकून बसलो होतो. खालची लगबग सुरू झाली आणि तिच्यावर तुताऱ्या आल्या.

आम्ही फोन बंद केला. पुन्हा लावला. त्या होत्याच. तुफानात सापडलेल्या नावेने किनाऱ्याला द्यावी तशी हाक, अगदी त्याच जागी, जेथे 1989 साली एका वृद्ध माणसाचा हात वर राहिला होता. त्या रात्री आमचे भोजन तसेच राहिले.

उलगडा व्हावयास फारसा वेळ लागला नाही. 1905 साली प्रथम छापलेल्या स्वरलिपीत त्या आठ बारांत पितळी वाद्यांची ही हाक आहे. 1909 साली दब्युसीने सुधारलेली आवृत्ती निघाली. तिच्यात त्याने ती गाळली. पुढे बहुतेकांच्या हाती ही दुसरी आवृत्ती पडली. ग्रंथालयातील आमची प्रतही तीच. परंतु काही संचालकांना ती जागा रिकामी ठेवणे मान्य झाले नाही, आणि त्यांनी पहिली हाक पुन्हा वाजविली. आन्सेर्मे त्यांपैकी एक. रोमच्या दिवाणखान्यातील ती तबकडी कोणाची असावी, याविषयी आमच्या मनात आता शंका उरली नाही. त्यानंतर आम्ही उरलेली मुद्रणे, आणि त्या तरुणाने पुढे पाठविलेली आणखी काही, केवळ त्या आठ बारांसाठी ऐकली. काहींत हाक आहे, काहींत नाही. प्रत्येक वेळी ती जागा जवळ येऊ लागली की, आमचाच हात उचलला जाई.

योग्य काय, असे कोणी विचारील. रचनाकाराचा शेवटचा शब्द प्रमाण मानावा, हे तर्काला धरून आहे, आणि 1909 ची आवृत्ती त्याच्याच हातची आहे. पण जे एकदा लिहिले गेले, वाजले, लोकांच्या कानांत राहिले, ते गाळल्याने नसते झाले काय? आम्हांला स्वतःला आता हाकेवाचून तो शेवट पोरका वाटतो. हा निवाडा निःपक्षपाती नाही, हे मान्य.

अधिक बोचते ते निराळेच. ज्या वर्षी आम्ही ती स्वरलिपी फादरांसमोर धरली, त्याच वर्षी पवित्र शास्त्राच्या तासाला आम्ही संत मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय शिकत होतो. सोळाव्या अध्यायातील नवव्या ओवीपासूनचा मजकूर चौथ्या शतकातील दोन सर्वांत जुन्या आणि मोठ्या हस्तलिखितांत नाही, तरीही ख्रिस्तसभेने तो पवित्र शास्त्राचा भाग म्हणून स्वीकारला आहे, हे आम्ही वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतले होते; परीक्षेत त्यावर उत्तम गुणही मिळविले होते. एका ग्रंथाच्या दोन प्रती असू शकतात, हे आम्हांला सकाळी नऊ वाजता ठाऊक होते आणि दुपारी तीन वाजता ठाऊक नव्हते. एवढे विचारावयाचे होते: "फादर, तुम्ही कोणाचे वादन ऐकले होते?" ते वाक्य आम्हांला सुचले नाही. सुचले असते, तरी त्या दिवशी ते आम्हांला नको होते. वीस जणांसमोर खरे ठरण्याची गोडी निराळी असते.

2022 साली एका मेळाव्याच्या निमित्ताने आमचे सेमिनरीत जाणे झाले. दुपारी विश्रांतीच्या वेळी आम्ही ग्रंथालयात गेलो. संगीताचे कपाट आता कोपऱ्यात हलविले आहे. स्वरलिपी होती, पाठीवरची पट्टी सुटलेली, पानांना वाळवीचा थोडा स्पर्श. तिसऱ्या भागाच्या त्या पानावर समासात आमचे पेन्सिलीचे अक्षर जसेच्या तसे: 'येथे ट्रम्पेट नाहीत.' नाहीत या शब्दाखाली दोन रेघा.

मागच्या पुठ्ठ्याच्या आत जुन्या पद्धतीची, नावे लिहिण्याची चिठ्ठी चिकटविलेली होती. आमची सही तिच्यावर होती. तिच्याखाली फादरांची होती, आठ दिवसांनंतरची. तिच्याखाली पुन्हा त्यांचीच, त्याच वर्षीच्या डिसेंबरातली. त्यानंतर कोणाची नव्हती.

ग्रंथपाल बंधूंकडून आम्ही पेन्सिल मागून घेतली आणि आमच्या ओळीखाली लिहिले: '1905 च्या आवृत्तीत आहेत.' बंधूंनी ते पाहिले आणि ग्रंथालयाच्या पुस्तकांत लिहिण्यास मनाई असल्याची आम्हांला नम्रपणे आठवण करून दिली.